काम मागणारा माणूस : खानदेशची दोनशे वर्षं

विषय तरुणांच्या बेकारीचा आहे आणि बोलायला उभा आहे तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक. त्यामुळे आकडेवारीचा अभ्यासक जे बोलेल ते मी बोलणार नाही. मी एक जुना प्रश्न घेऊन आलो आहे. दारिद्र्य आपल्याकडे कायमचं आहे, पण आंदोलन कायम होत नाही. माणसं वर्षानुवर्षं सोसतात आणि मग एके दिवशी रस्त्यावर येतात. त्या दिवशी नेमकं काय तुटलेलं असतं? उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी आपल्याच मुलखात, म्हणजे आजच्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या गेल्या दोनशे वर्षांत शोधू.

आधी शब्दांकडे पाहा. ‘बेकार’ हा शब्द फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम, ज्याला काम नाही तो बेकार. एवढाच अर्थ होता. मराठीत आल्यावर त्याचा दुसरा अर्थ झाला निरुपयोगी, टाकाऊ. ‘भाजी बेकार झाली’, ‘सिनेमा बेकार होता’ असं आपण सहज म्हणतो. ज्याला काम मिळालं नाही त्यालाही तोच शब्द आणि जो वाया गेला त्यालाही तोच. तिशीच्या पोराला गावाच्या पारावर कोणी विचारतं, ‘सध्या काय करस भो?’ तेव्हा त्या साध्या प्रश्नात हे दोन्ही अर्थ असतात. पोरगं मग पारावर यायचंच बंद होतं. काम नसणं ही पैशाची अडचण आहे खरी, पण त्याआधी ती माणसाच्या गणतीची अडचण आहे : मला कुणी मोजतं की नाही?

आता इतिहासाकडे वळू.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याला इथला कारभार मिळाला, त्याने धुळे हे मुख्य ठिकाण केलं. कंपनीच्या कागदपत्रांत तेव्हाच्या खानदेशची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणून एकच नाव वारंवार येतं, ते म्हणजे भिल्लांचं. लुटारू, दरोडेखोर, जन्मजात गुन्हेगार अशी विशेषणं त्या कागदांत पडलेली आहेत.

पण हे ‘लुटारू’ त्याआधी काय करत होते? सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या घाटांची राखण नाईकांकडे असे. वाटसरूंना सुखरूप पार करायचं आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा. गावोगाव भिल्ल जागले असत. चोरीचा माग काढणं, पिकांवर आणि गावावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा जमिनीत ठरलेला. ही एक बोली होती. लिहिलेली नव्हती, पण दोन्ही बाजूंना पाठ होती. अठराव्या शतकाच्या अखेरीची धामधूम, १८०२ नंतरच्या होळकरी स्वाऱ्या, पाठोपाठचा दुष्काळ आणि पेशव्यांच्या अंमलदारांनी केलेल्या कत्तली यांत ती बोली मोडली. गावं ओस पडली. राखायला गाव नाही तर जागल्याला हक्क कुठून मिळणार? राखणदाराचं काम गेलं, हातात तिरकमठा तेवढा राहिला.

ब्रिग्जने सुरुवातीला जे केलं ते कुठलंही सरकार आधी करतं. फौज पाठवली, डोंगरात जाणारं धान्य अडवलं, शरण येणाऱ्यांना तनखे दिले, न येणाऱ्यांना पकडलं. सहा-सात वर्षं हे चाललं. एक टोळी मोडायची आणि दुसरी उठायची.

१८२५ मध्ये धोरण बदललं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता. भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या, जमिनी आणि तगाई देऊन भिल्लांना वसवायचं ठरलं आणि जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याला भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितलं. आउट्रम तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा. शिकारीत पटाईत. तो भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर हिंडला, त्यांच्यावर विश्वास टाकला आणि धरणगावला ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभी राहिली. ज्यांना पकडायला फौज लागत होती, तेच खानदेशात बंदोबस्ताला उभे राहिले.

यात कुठे चमत्कार नव्हता. राखणदारालाच पुन्हा राखणीचं काम दिलं गेलं. जन्मजात गुन्हेगार म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांचा स्वभाव पगार सुरू होताच कसा बदलला, हा प्रश्न त्या अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. स्वभाव बदलला नव्हताच. मोडलेली बोली थोडीशी सांधली गेली होती.

‘थोडीशी’ म्हणालो, कारण गोष्टीला दुसरी बाजू आहे. नोकरी मिळाली ती सरकारच्या मर्जीची. घाटावरचा हक्क गेला आणि त्या जागी चाकरी आली. १८३० मध्ये याच पलटणीला डांगातल्या मोहिमेवर नेलं, म्हणजे भिल्लांवर भिल्ल घातले. काही जणांना काम देऊन उरलेल्यांना गप्प करायचं, हे तंत्र तिथे पक्कं झालं.

मर्जीची नोकरी काय करते, हे खाज्या नाईकाच्या आयुष्यात दिसतं. कागदपत्रांत त्याचं नाव कजरसिंग असंही येतं. सेंधवा घाटाच्या बंदोबस्ताला तो सरकारी नोकरीत होता. पुढे त्याच्यावर खटला झाला, नोकरी गेली, तुरुंगवास झाला. सुटल्यावर पुन्हा कामावर घेतलं गेलं. आणि १८५७ मध्ये तोच माणूस उठावात उतरला. ज्या घाटाची राखण केली त्याच घाटात त्याने सरकारी खजिना लुटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, शेकडो भिल्ल त्या लढ्यात होते, बायकाही होत्या. आपण त्याला स्वातंत्र्ययोद्धा म्हणतो आणि ते योग्यच आहे. मी एवढंच जोडतो की या योद्ध्याच्या चरित्रात एक सरकारी नोकरी आहे, आणि ती कधीही काढून घेता येत होती.

भिल्लांची कहाणी डोंगरातली. आता सपाटीवर येऊ.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. कापूस आणि रेल्वे या दोन गोष्टींनी आधुनिक खानदेश घडवला. पुढे जळगावला खानदेश मिल आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी उभी राहिली, धुळ्यातही गिरणी आली. भोंग्यावर गाव उठू लागलं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा गिरणीत लागला की घर तगून जाई. दुष्काळाचं वर्षही त्या पगारावर निघे.

प्रताप शेठजींनी अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. आमच्या विषयाच्या माणसाला हे नाव विसरता येत नाही. साने गुरुजी तिथे शिकायला आले, मग अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, ग्रामीण भागातलं पहिलं. तिथे शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या प्रश्नांवर कार्यक्रम मंजूर झाला. पुढे १९४० च्या दशकात अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मुळजी जेठा महाविद्यालय आलं.

ही नावं नीट ऐका. कॉलेजला गिरणीवाल्यांची नावं आहेत. गिरणीच्या पैशातून शिक्षण उभं राहिलं. कल्पना अशी की बाप साच्यावर उभा राहील आणि मुलगा शिकून टेबलावर बसेल. ही दुसरी मोठी बोली : शिक, म्हणजे काम मिळेल. आईबापांनी ती खरी मानली, त्यासाठी दागिने मोडले, शेताचे तुकडे विकले. स्वातंत्र्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं ती बऱ्यापैकी पाळलीही गेली. शाळा वाढत होत्या, शिक्षक लागत होते. जिल्हा परिषदा आल्या, एसटी आली, वीज मंडळ आलं, सहकारी संस्था आल्या, भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणी होतीच.

मग गिरण्या बंद पडल्या. कॉलेजं मात्र राहिली, आणि वाढली. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला मिळालं याचा आनंद आहेच. पण गणित असं झालं की पदवी देणारी जागा वाढत गेली आणि पगार देणारी जागा आटत गेली. आज जळगावात ठिबक आहे, केळी आहे, डाळ मिल आहेत, सराफ बाजार आहे. पण दरवर्षी बाहेर पडणारे सगळे पदवीधर त्यात मावत नाहीत. धुळ्याच्या आणि जळगावच्या गावांतून पोरं सुरतेला जातात, नाशिकला जातात, पुण्याला जातात. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात अहिराणी कानावर पडते ती त्यामुळेच.

मधलं एक प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. खानदेशच्या इतिहासातलं ते फार मोलाचं पान आहे.

शहादा तालुका, तेव्हाचा धुळे जिल्हा. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. तापीकाठची काळी जमीन, ऊस, विहिरी, सधन शेतकरी. आणि ज्यांच्या हातून ती जमीन गेली ते आदिवासी त्याच शेतांवर सालदार. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, आणि बाहेरून आलेले काही शिकलेले तरुण एकत्र आले. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली. श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन परत द्या, सालदाराचा पगार वाढवा, आणि काम द्या, या त्यांच्या मागण्या.

त्याच वेळी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडत होती, बांध घालत होती. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांची एक कल्पना होती : गावात जो अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला सरकारने ते दिलंच पाहिजे. ‘मागेल त्याला काम.’ त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. रक्कम अगदी किरकोळ होती, दिवसाला एक रुपया. पण त्या एका रुपयाचा अर्थ मोठा होता. काम न मिळणं ही मागणाऱ्याची लाज राहिली नाही, ती न देणाऱ्याची चूक झाली. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून त्याचा पैसा उभा केला. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे आपल्यापुढे दोन नमुने आहेत. आउट्रमचा नमुना : मर्जीने काहींना नोकरी द्या, असंतोष शमेल. पाग्यांचा नमुना : काम मागण्याचा हक्क सगळ्यांना कायद्याने द्या. पहिल्यात सरकार दाता आहे, दुसऱ्यात देणेकरी आहे.

आता आजच्यावर येतो. रोजगार हमी अंगमेहनतीच्या कामाची आहे. बी.ए., बी.एस्सी., डी.एड. झालेल्या मुलासाठी तशी कुठलीच हमी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये निघालेल्या भारताच्या रोजगार अहवालात २०२२ चे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. जवळपास नऊ पट. जितकं जास्त शिकलात तितकं रिकामं बसण्याची शक्यता जास्त. ‘शिक, म्हणजे काम मिळेल’ या बोलीचं काय झालं ते या दोन आकड्यांत आहे.

लगेच एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अशिक्षित गरिबाला रिकामं बसणं परवडतच नाही, म्हणून त्यांची बेकारी कमी दिसते. शिकलेला मुलगा घरच्या भाकरीवर चांगल्या नोकरीची वाट पाहतो. मग ही बेकारी की हव्यास? सगळ्यांना सरकारी नोकरीच कशाला? शेती करा, धंदा करा.

पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्याला माझं उत्तर असं : त्या मुलाच्या जागी बसून हिशेब मांडा. वाटण्या होत होत शेत दोन-तीन एकरांवर आलं आहे, कोरडवाहू आहे, कापसाचा भाव त्याच्या हातात नाही. खाजगी नोकरी मिळते ती ठेकेदारामार्फत, आज आहे उद्या नाही. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘मुलगा नोकरीला आहे का?’ या सगळ्यांत सरकारी नोकरी एकच अशी आहे जिथे पगार ठरलेला, तारीख ठरलेली आणि साहेबाच्या मर्जीने माणूस घरी पाठवता येत नाही. तिच्यामागे धावणं हा वेडेपणा नाही. बाकीची कामं इतकी बेभरवशाची आहेत, म्हणून ती एक नोकरी सोन्याची वाटते.

त्या सोन्याच्या दारावरची गर्दी पाहा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार. खुल्या गटाला शुल्क हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. २०२४ ची पोलीस भरती : १७,४७१ जागा, अर्ज सतरा लाखांहून अधिक. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. तीच ही मंडळी.

आणि आता आंदोलनं पाहा. ११ मार्च २०२१ ला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कारण तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची परीक्षा पुढे ढकलली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उतरले, नवा वर्णनात्मक अभ्यासक्रम लगेच नको, २०२५ पासून लागू करा म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्यांदा, एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या म्हणून आणि कृषी सेवेच्या जागा परीक्षेत धराव्यात म्हणून. या गर्दीत आपल्या खानदेशची मुलं होती, कारण पुण्याच्या अभ्यासिकांत ती मोठ्या संख्येने आहेत.

या मागण्या पुन्हा वाचा. यांत नोकरी कुणी मागितलेली नाही. परीक्षा वेळेवर घ्या. नियम मध्येच बदलू नका. एकाच दिवशी दोन पेपर ठेवू नका. दोनशेमधल्या एकशे नव्व्याण्णवांना ठाऊक आहे की आपण पडणार. ते पडायला तयार आहेत. त्यांना फक्त खेळाचे नियम कायम हवेत.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. माणूस दुःख सोसतो, अन्याय सोसत नाही. पाऊस पडला नाही, पीक गेलं, हे दुःख. मी माझ्या वाट्याचं केलं आणि समोरच्याने ठरलेलं मोडलं, हा अन्याय. भिल्ल जागल्याने राखण केली होती. सालदाराने वर्षभर राबून दिलं होतं. या मुलांनी सहा-सहा वर्षं खोल्यांत बसून अभ्यास केला आहे. नैराश्याला राग येतो तो आपली बाजू पाळलेल्या माणसाच्या ठिकाणी.

सरकार यावर काय करतं? आउट्रमचा नमुना सोपा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, विरोध वाढल्यावर पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला. २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : सहा महिने कार्यालयांत काम, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन. मुदत संपत आली आणि तीच मुलं ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनाला बसली. सहा महिने ज्याला खुर्ची दिली त्याला सातव्या महिन्यात उठवलं तर तो चिडणारच. पेसा क्षेत्रातल्या भरतीत, जिचा संबंध आपल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांशी येतो, निवड झालेली आदिवासी मुलं नेमणुकीसाठी थांबली, आंदोलनं झाली आणि मग त्यांना तात्पुरत्या मानधनावर घेण्याचा तोडगा निघाला. ज्यांच्या पूर्वजांना धरणगावला मर्जीची चाकरी मिळाली, त्यांना दोनशे वर्षांनी तात्पुरतं मानधन मिळतं आहे.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. दार अरुंद झालं की रांगेतली माणसं आपसांत भांडतात. मराठा म्हणतो ओबीसीने माझी जागा घेतली, ओबीसी म्हणतो मराठा माझ्या ताटात हात घालतो, आदिवासीला वाटतं सगळेच आपल्या यादीत घुसतात. प्रत्येकाच्या म्हणण्याला काही आधार आहे, ते मी नाकारत नाही. पण दार एवढं अरुंद का, हे विचारायला रांगेत कोणी उरत नाही. शेजारच्या बांगलादेशात २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून विद्यार्थी उठले, गोळीबार झाला, शेकडो माणसं मेली आणि ५ ऑगस्टला पंतप्रधानांना देश सोडावा लागला. सुरुवात नोकरीच्या यादीवरून झाली होती. अशा ठिणगीला कुणी लहान समजू नये.

मग करायचं काय? मी अर्थतज्ज्ञ नाही, पण पाग्यांच्या नमुन्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली : भरतीचं वेळापत्रक कायद्याने बांधा. रिक्त जागा दरवर्षी ठरलेल्या तारखेला जाहीर व्हाव्यात, परीक्षा ते नेमणूक याला मुदत असावी, आणि मुदत चुकली तर सरकारने उमेदवाराला भरपाई द्यावी. एक रुपया का होईना, पण ती द्यावीच लागावी. दुसरी : शिकलेल्या मुलांसाठी गावपातळीवर हमीचं काम. पाणलोटाची मोजणी, शाळेतली जादा शिकवणी, आरोग्याच्या नोंदी, जमिनीच्या नकाशांचं काम. कामाला तोटा नाही, ते काम म्हणून धरलं जात नाही एवढंच. तिसरी : खाजगी आणि कंत्राटी कामाला थोडा तरी भरवसा द्या. किमान वेतन खरोखर हातात पडू द्या. बाहेरचं काम बेभरवशाचं राहील तोवर त्या एका दारावरची गर्दी हटणार नाही.

यासाठी पैसा कुठून येणार, असा प्रश्न येईल. १९७० च्या दशकातला, दुष्काळात पिचलेला महाराष्ट्र आजच्यापेक्षा फार गरीब होता. त्याने पगारदारांवर कर बसवून पैसा उभा केला. तो व्यवसाय कर आजही कापला जातो.

तरुण श्रोत्यांना एवढंच सांगतो. तुम्हाला काम नाही म्हणजे तुम्ही ‘बेकार’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचे होत नाही. जागा चार हजार आणि माणसं दहा लाख असतील तर न निवडले जाणं ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नव्हे, तो भागाकार आहे. परीक्षेसाठी किती वर्षं द्यायची ते आधीच ठरवा, आणि ती संपल्यावर दुसऱ्या वाटेने गेलात तर मान खाली घालू नका. पण वाट बदलली म्हणून प्रश्न सोडू नका. शहाद्याच्या सालदारांना अक्षरं येत नव्हती, तरी काम मागणं हा हक्क आहे हे त्यांनी या राज्याला ऐकवलं. तुम्ही तर शिकलेले आहात. रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्याशी भांडण्याआधी त्याला विचारा, तू किती वर्षं थांबला आहेस? बहुतेक वेळा उत्तर तुमच्याएवढंच असेल.

आता मी थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.